ओल्या रस्त्यावरचे पथक

इंग्लंडातील सायकल-मंडळांचा इतिहास चाळू लागले म्हणजे प्रथमदर्शनीच मनात भरते ती गोष्ट ही, की या मंडळांनी वेगाचा ध्यास घेण्यापूर्वी आपल्या सभासदांवर शिस्तीचा अंमल बसवला होता. १८७० साली लंडनमध्ये स्थापन झालेला पिकविक बायसिकल क्लब घ्या, किंवा त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत गावोगाव निघालेली मंडळे घ्या, त्यांच्या सहली म्हणजे जवळजवळ लष्करी संचलनेच असत. सभासदांना गणवेश असे, मंडळाला कप्तान आणि उपकप्तान असत, कप्तानाच्या पुढे कोणी सायकल काढू नये अशी सक्त ताकीद असे, आणि कप्तानाचा हुकूम शेवटच्या स्वारापर्यंत पोचावा म्हणून एक बिगूलवालाही पथकाबरोबर चाले. आज या थाटाचे कौतुक वाटते. पण उंच पुढच्या चाकाच्या त्या सायकलीवरून पडणे म्हणजे डोक्यावर पडणे होते, आणि पुढचा स्वार थांबणार आहे की वळणार आहे हे मागच्याला वेळीच कळणे हा त्या काळी हौसेचा नव्हे, जिवाचा प्रश्न होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बिगुलाचे प्रयोजन नीट उमगते. पुढे बिगूल गेला, गणवेश गेला, उंच चाकही वस्तुसंग्रहालयात जाऊन बसले; मात्र ज्या गरजेपोटी तो बिगूल वाजत असे ती गरज तशीच राहिली, आणि पावसाने भिजलेल्या रस्त्यावर जलद सराव करणाऱ्या पथकाइतकी ती अन्यत्र कोठेही प्रखरपणे जाणवत नाही.

ब्रिटनमधील बहुतेक सायकल-मंडळांत आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी अशी जलद सरावाची फेरी निघते. तेथील स्वार तिला ‘चेनगँग’ म्हणतात. दहा-पंधरा स्वार दोन समांतर रांगांत, जवळजवळ खांद्याला खांदा लावून चालतात. एका रांगेतील स्वार दुसरीपेक्षा किंचित अधिक वेगाने पुढे सरकत असतात. शेंड्यावर पोचलेला स्वार काही सेकंद समोरचा वारा अंगावर घेतो, मग बाजूच्या रांगेत सरून पाय थोडा सैल सोडतो, आणि मागे येत येत शेपटाशी पोचला की पुन्हा चढत्या रांगेत शिरतो. वारा तिरपा असेल तेव्हा मागे सरणारी रांग वाऱ्याच्या अंगाला ठेवण्याचा शिरस्ता आहे, म्हणजे ज्यांच्याकडे पुढे जाण्याचे काम आहे त्यांना आडोसा मिळतो. हे चक्र नीट फिरू लागले म्हणजे कोणाचा वेग वाढला आणि कोणाचा उतरला हे बाहेरच्याला कळतसुद्धा नाही. ते बिघडते ते बहुधा एकाच कारणाने : आपली पाळी आल्याबरोबर नवखा स्वार उत्साहाच्या भरात पायटे जोराने दाबतो, मागच्यांना ती फट भरून काढावी लागते, आणि दोन-तीन फेऱ्यांतच शेपटाकडील माणसे दमून गळतात. पुढे येणाऱ्याने वेग वाढवायचा नसून केवळ राखायचा असतो, आणि बाजूला सरणाऱ्याने तो किंचित उतरवायचा असतो, हा या विद्येचा पहिला धडा.

एवढी यातायात कशासाठी, याचे उत्तर हवेत आहे. सायकलीला होणारा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो तोडण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात, त्यामुळे ताशी ४० किलोमीटरच्या वेगाला स्वाराच्या श्रमाचा फार मोठा हिस्सा केवळ हवा बाजूला सारण्यात खर्ची पडतो. चेस्टर काइल या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या मापनांनुसार या वेगाला दुसऱ्याच्या अगदी पाठोपाठ चालणाऱ्या स्वाराचा वातविरोध सुमारे ४४ टक्क्यांनी आणि त्याला लागणारी शक्ती सुमारे ३३ टक्क्यांनी कमी होते. १९९० साली मॅकोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न श्वासाच्या बाजूने तपासला. आठ स्वारांच्या घोळक्यामागे ताशी ४० किलोमीटरने चालणाऱ्याला प्राणवायू सुमारे ३९ टक्के कमी लागतो असे त्यांना आढळले. पुढे २०१८ साली बर्ट ब्लॉकेन यांच्या चमूने १२१ स्वारांच्या दाट समूहाचा संगणकावर आणि वातबोगद्यात अभ्यास केला, तेव्हा समूहाच्या मध्यभागी व मागील भागी असलेल्या स्वारांना, एकट्या स्वाराला होणाऱ्या विरोधाच्या अवघा ५ ते १० टक्के विरोध सोसावा लागतो असे दिसून आले. बारा-पंधरा जणांच्या मंडळाला एवढा लाभ होणे शक्य नाही. तरीपण एकट्याला जो वेग दहा मिनिटेही टिकवता येणार नाही तो पथकात तासभर टिकतो, याचे रहस्य या आकड्यांत आहे.

हा लाभ फुकट मात्र मिळत नाही. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. डोळ्यांनी धोका पाहून बोटांनी ब्रेक आवळेपर्यंत सावध माणसाचासुद्धा अर्धा-पाऊण सेकंद जातो, म्हणजे तेवढ्यात सायकल पाच ते सात मीटर पुढे गेलेली असते. आणि पथकातील दोन चाकांमधले अंतर तर कित्येकदा हातभरही नसते. तेव्हा मागचा स्वार पुढच्याला पाहून वेळीच थांबतो ही समजूत गणिताला मान्य होण्यासारखी नाही. तो थांबूच शकत नाही. तो चालला आहे तो एका अलिखित करारावर : पुढचा एकाएकी थांबणार नाही, एकाएकी वळणार नाही, आणि जे काही करील ते मला अगोदर कळवून करील. पथकातील प्रत्येक जण अशा रीतीने आपल्या मागच्याचा जामीन असतो. कोरड्या रस्त्यावर हा करार पाळणे सरावाने साधते. ओल्या रस्त्यावर अडचण अशी, की पाळण्याची इच्छा असूनही तो पाळणे माणसाच्या हाती राहत नाही. ब्रेक, टायर आणि डोळे या तिघांचा भरवसा एकाच वेळी उतरतो. या प्रकरणाचा सारा विषय म्हणजे या तिघांची उणीव पथकाने कशी भरून काढायची हाच आहे.

पडण्याची क्रिया प्रथम समजून घेतली पाहिजे, कारण पथकात पडणारा बहुधा पुढचा नसतो, मागचा असतो. सायकल तोलून धरली जाते ती हँडलाच्या सूक्ष्म हालचालींनी. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला पुढचे चाक किंचित वळते आणि तोल सावरला जातो. आता मागच्या स्वाराने आपले पुढचे चाक पुढच्याच्या मागील चाकाच्या बगलेत शिरू दिले आणि पुढचा थोडासा त्या बाजूला सरकला, की दोन चाके एकमेकांना घासतात. पुढच्याचे चाक मागचे असल्यामुळे त्याला केवळ एक धक्का जाणवतो. मागच्याचे मात्र सुकाणूच अडकते. ज्या बाजूला वळून तोल सावरायचा ती बाजूच बंद झालेली असते, आणि तो निमिषार्धात आडवा होतो. चाक चाकाच्या बगलेत शिरू देऊ नये, हा नियम एरवीही सांगितला जातो. पावसात तो मोडण्याचा मोह अधिक होतो, कारण पुढच्याच्या चाकावरून उडणारे पाणी चुकवण्यासाठी माणूस नकळत बाजूला सरकतो. थोडे बाजूला सरकायला हरकत नाही. परंतु सरकायचे तर अंतर वाढवून, ही अट त्याला जोडलेली आहे.

टायरांविषयी एक गैरसमज मोठा रूढ आहे. ओल्या रस्त्यावर मोटारीचे टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतात हे ऐकून पुष्कळ सायकलस्वार तसेच आपले होईल असे भय बाळगतात आणि नक्षीदार टायर शोधत फिरतात. विमानाच्या चाकांवर प्रयोग करणाऱ्या नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६०च्या दशकात या तरंगण्याचे जे सूत्र बसवले, ते असे सांगते की हा प्रकार घडण्याचा वेग टायरातील हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. सायकलीच्या टायरात चौरस इंचाला ८० पौंड दाब धरला, तर हा वेग ताशी सुमारे १५० किलोमीटर येतो. शिवाय सायकलीचे टायर अरुंद आणि गोलाकार, म्हणून पाणी दोन्ही बाजूंना आपसूक सरते. तेव्हा साध्या सायकलीने पाण्यावर तरंगण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही, आणि डांबरी रस्त्यावर टायरावरच्या नक्षीने काही साधतही नाही. खरे काम करते ते रबराचा मऊपणा आणि जमिनीला टेकलेले क्षेत्र. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरले आणि टायरात सहा बार दाब असला, तर प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो साधारण साडेसहा चौरस सेंटिमीटर. एवढ्या चिमुकल्या जागेवर सारा भरवसा ठेवायचा असल्यामुळे पावसाच्या दिवशी थोडे रुंद टायर घालून दाब किंचित उतरवण्याची पद्धत सुजाण मंडळांत पडली आहे, आणि ती योग्यच आहे.

रस्ता मात्र सर्वत्र सारखा ओला नसतो, आणि धोका या असारखेपणात आहे. धुऊन निघालेले खरखरीत डांबर ओले असूनही पुष्कळ धरून ठेवते. रंगवलेले पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, पुलाच्या सांध्यावरच्या पोलादी पट्ट्या, फाटकातील रूळ, इंग्लंडात शरद ऋतूत कुजून पडलेली पाने, ही त्याच पावसात दगा देतात. यांहूनही वाईट म्हणजे दीर्घ उघडीपीनंतरच्या पहिल्या सरीची पहिली काही मिनिटे. रस्त्यावर साचलेले तेल, रबराची धूळ आणि माती यांचा पाण्याशी मिळून एक पातळ लेप होतो, आणि पुढे पाऊस जोराने कोसळून तो वाहून जाईपर्यंत रस्ता अत्यंत निसरडा राहतो. मुसळधार पावसाला भिणारा स्वार या रिमझिमीत निर्धास्त असतो, ही मोठी विपरीत गोष्ट आहे.

वळणाचे गणित एकदा मांडून पाहिले म्हणजे वेगाचा अधिकार किती मोठा आहे हे समजते. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० किलोमीटरने जाणाऱ्या सायकलीला बाजूच्या दिशेने आपल्या वजनाच्या सुमारे ४७ टक्के एवढी पकड लागते. कोरड्या डांबरावर ही मागणी सहज पुरी होते, ओल्या पण चांगल्या डांबरावर जेमतेम, आणि पांढऱ्या पट्ट्यावर नाहीच. तोच वेग २४ किलोमीटरवर आणला तर मागणी ३० टक्क्यांवर येते. वेग पाचवा हिस्सा घटला, पण मागणी तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटली. म्हणून ओल्या वळणावर कौशल्यापेक्षा संयमाची किंमत अधिक. ब्रेक लावायचा तो वळणापूर्वी, सायकल सरळ उभी असताना. वळणात शिरल्यावर टायराजवळ जी काही पकड आहे ती वळण्यासाठी राखून ठेवायची, ब्रेकमध्ये खर्चायची नाही.

परंतु वळणावरची खरी परीक्षा वळणात नसते, वळण संपल्यावर असते. शेंड्यावरचा स्वार ताशी ३६ वरून २४ वर येतो, वळतो, आणि मोकळा रस्ता दिसताच पुन्हा ३६ धरतो. त्या क्षणी शेपटाकडचा स्वार अजून वळणात शिरायचा असतो. मालगाडी सुटताना डब्यामागून डब्याला हिसका बसत जातो आणि शेवटच्या डब्याला तो सर्वांत मोठा बसतो, तसेच पथकाचे होते. पुढच्याने बेताने वेग घेतला तर मागच्याला थोडी धाव घ्यावी लागते. पुढच्याने मुसंडी मारली तर मागच्याला ओल्या वळणातच पायटे दाबावे लागतात, आणि नेमके तेथे मागचे चाक सरकते. वळण पार पडल्यावर शेवटचा स्वार सरळ रस्त्याला लागेपर्यंत वेग वाढवू नये, हा संकेत मला या विद्येतील सर्वांत सभ्य संकेत वाटतो. त्यात बलवानाने आपले बळ मागच्याच्या सोयीने वापरण्याची कबुली दिलेली आहे.

आता ब्रेकांविषयी. पोलादाच्या क्रोम चढवलेल्या रिमांवर रबरी ठोकळ्यांचे ब्रेक पावसात जवळजवळ निकामी होत, हा जुन्या पिढीतील स्वारांचा सार्वत्रिक अनुभव आहे. ॲल्युमिनियमच्या रिमा आल्या तशी स्थिती पुष्कळ सुधारली, तरी ओल्या रिमेवरचे पाणी पुसले जाईपर्यंत चाकाचे एखाद-दुसरे आवर्तन वाया जातेच. म्हणून वळण किंवा चौक येण्यापूर्वी ब्रेक हलकेच टेकवून रिम पुसून घेण्याची सवय लावून घ्यावी लागते. डिस्क ब्रेकांनी हा विलंब बहुतांशी मिटवला. आंतरराष्ट्रीय सायकल संघाने २०१८ साली रस्त्यावरील शर्यतींत त्यांना कायमची मुभा दिली, आणि मंडळांच्या सरावातही ते झपाट्याने रूढ झाले. येथे एक नवी जोखीम उत्पन्न झाली आहे, जिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. एकाच पथकात निम्मे स्वार डिस्कवाले आणि निम्मे रिमवाले असले, तर ओल्या रस्त्यावर त्यांची थांबण्याची अंतरे एकमेकांशी जुळत नाहीत. डिस्कवाला पुढे असला आणि त्याने आपल्या ब्रेकाच्या भरवशावर उशिरा पण नेमका ब्रेक लावला, तर त्याचा काहीच कसूर नसताना मागचा रिमवाला त्याच्यावर आदळतो. अशा पथकात ब्रेकाची बरोबरी सर्वांत दुबळ्या ब्रेकाशी केली पाहिजे. ताशी ३६ किलोमीटरवरून कोरड्या रस्त्यावर कसून ब्रेक लावला तर सायकल साडेआठ मीटरांच्या आसपास थांबते. पावसात मंदावण्याचा जोर निम्म्यावर आला की हेच अंतर १७ मीटर होते, आणि त्यात प्रतिसादाचे पाच-सात मीटर मिळवायचे राहतातच.

मग पावसात जलद सराव करूच नये काय? काइल यांच्याच मापनांत या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आहे, आणि माझ्या मते ते प्रत्येक मंडळाच्या कप्तानाला तोंडपाठ असले पाहिजे. दोन चाकांमध्ये २० सेंटिमीटर अंतर असताना जो ४४ टक्के लाभ होतो, तो अंतर २ मीटरपर्यंत वाढवले असता एकदम नाहीसा होत नाही. तो सुमारे २७ टक्क्यांवर येतो. अंतर दहापट वाढले, तरी लाभाचा निम्म्याहून अधिक हिस्सा शिल्लक राहिला! हातभर अंतरावर चिकटून चालणारा स्वार पावसात जे धाडस करतो ते या उरलेल्या १७ टक्क्यांसाठी, आणि त्या मोबदल्यात तो डोळ्यांवर चिखलाचा फवारा, रस्त्याचे अदर्शन आणि मोडलेल्या हाडाची शक्यता पदरात घेतो. सायकलभर अंतर ठेवले की पुढच्या चाकाखालची जमीन दिसू लागते, फवारा ओसरतो, ब्रेकाला थोडी उसंत मिळते, आणि पथकाचा वेग ताशी दोन-तीन किलोमीटरनेच काय तो उतरतो. सरावाचा हेतू हृदयाला आणि पायांना श्रम घडवणे हाच असेल तर तो उलट अधिकच साधतो, कारण आडोसा घटल्याने प्रत्येकाच्या वाट्याला काम वाढते. स्पर्धेत २० सेंटिमीटरसाठी जोखीम पत्करण्याला काही अर्थ असेल. मंगळवारच्या संध्याकाळी, घरी सुखरूप पोचायचे असताना, तो मला दिसत नाही.

अंतराइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे मडगार्ड. मडगार्ड स्वतःची पाठ कोरडी राहावी म्हणून लावायचा असतो असे एकट्याने फिरणाऱ्याला वाटते. पथकात मागच्या मडगार्डाचा लाभ मागच्याला होतो. म्हणून इंग्लंडातील कित्येक मंडळे हिवाळी सरावात मडगार्डाशिवाय येणाऱ्याला एक तर परत पाठवतात किंवा शेपटाला ठेवतात, आणि मडगार्डाच्या टोकाला जवळजवळ जमिनीपर्यंत पोचणारी रबरी वा प्लास्टिकची पट्टी जोडण्याचा आग्रह धरतात. शर्यतीच्या नाजूक सायकलीवर मडगार्ड शोभत नाही ही तक्रार जुनी आहे. शेणखतात कालवलेले रस्त्यावरचे पाणी तासभर ज्याच्या तोंडावर उडाले आहे त्याच्यापाशी ती कोणी करून पाहावी.

येथे थोडे विषयांतर करून, ही पथकविद्या ब्रिटनमध्ये मंडळांच्या सरावातच विशेष का वाढली असावी ते सांगितले पाहिजे. २१ जुलै १८९४ रोजी नॉर्थ रोड क्लबच्या ५० मैलांच्या शर्यतीत स्वारांच्या वेगाने एका घोडागाडीचा घोडा बिथरला आणि अपघात झाला. पोलिसांनी रस्त्यावरील शर्यती बंद करण्याची भाषा केली, आणि राष्ट्रीय सायकलस्वार संघाने पुढे स्वतःच अशा शर्यतींना मज्जाव केला. त्या अपघातात सापडलेल्या स्वारांपैकीच एक एफ. टी. बिडलेक. त्यांनी पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८९५ मध्ये, एकेक स्वार ठरावीक अंतराने सोडून घड्याळाशी झुंजवणारी शर्यत भरवली. तेव्हापासून अर्धशतक ब्रिटिश रस्त्यांवर एकमेकांच्या आडोशाने धावणे हे शर्यतीत निषिद्ध होते, आणि त्यामुळे युरोप खंडातील स्वार जी विद्या शर्यतीतून शिकत ती ब्रिटिश स्वाराला मंडळाच्या फेरीखेरीज शिकण्याची फारशी सोय नव्हती असे मला वाटते. पर्सी स्टॅलर्ड यांनी ७ जून १९४२ रोजी लँगॉथलेनपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत सर्वांना एकत्र सोडणारी शर्यत भरवून ही वहिवाट मोडली. संघाने त्यांना निलंबित केले. त्याच वर्षी त्यांच्या पक्षाने वेगळा संघ काढला, आणि दोहोंचा तह होऊन एक संस्था व्हायला १९५९ साल उजाडले. रस्ता सर्वांचा आहे, तेव्हा आपल्या वागण्याने त्याचा हक्क गमावू नये, ही जाणीव त्या दीर्घ वादातून ब्रिटिश मंडळांच्या अंगात मुरली आहे. २०२२ साली तेथील वाहतूक-संहितेत केलेल्या दुरुस्तीने, दोघांनी जोडीने सायकल चालवणे मोठ्या गटात अधिक सुरक्षित असू शकते, हेही स्पष्ट नमूद केले गेले.

बिगुलाची जागा आता आरोळीने आणि हाताच्या खुणेने घेतली आहे. खड्डा, समोरून गाडी, मागून गाडी, हळू, थांबा, अशा पाच-सहा सूचना शेंड्यापासून शेपटापर्यंत तोंडोतोंडी जातात. पावसात मात्र खुणेवर विसंबू नये. हँडलावरून हात काढणाराच त्या क्षणी सर्वांत असुरक्षित असतो, आणि चष्म्यावर थेंब साचलेल्या मागच्याला ती खूण दिसेलच असेही नाही. आरोळी मोठी, एकाच शब्दाची आणि वेळेआधी द्यायची. प्रत्येक ओलसर डागासाठी ओरडणारा स्वार पथकाला बधिर करतो, आणि मग खऱ्या खड्ड्याच्या वेळी कोणी दखल घेत नाही, हे तारतम्यही आरोळीला हवे.

आपल्या सह्याद्रीच्या परिसरात हा विषय अधिकच गंभीर होतो. पावसाळा लागला की पुण्याहून सायकलस्वारांचे गट खडकवासला, पानशेत, मुळशी, ताम्हिणी या बाजूंना निघतात. हिरवाई डोळे दिपवणारी असते यात शंका नाही. परंतु तेथील ओला रस्ता इंग्लंडातल्या ओल्या रस्त्यासारखा नाही. झाडांच्या सावलीतील वळणांवर डांबरावरच शेवाळ धरते. भातलावणीच्या दिवसांत चिखलणी करून निघालेले ट्रॅक्टर खाचरातला चिखल रस्त्यावर आणून टाकतात. डोंगरउतारावरून वाहणारे पाणी खडी वाहून आणते. आणि गढूळ पाण्याने भरलेले डबके बोटभर खोल आहे की वीतभर, हे सांगण्याचा काहीच मार्ग नसतो. डबक्यात चाक घालू नये, हा नियम पुण्याच्या स्वाराने विशेष पाळावा, आणि शेंड्यावरच्याने ते चुकवताना पुरेशा अंतरावरूनच बेताने कडेला यावे; डबके समोर ठाकल्यावर मारलेला झोल मागच्या चौघांना पाडतो. धबधब्यापाशी वाटेल तशा उभ्या केलेल्या मोटारी आणि रस्त्यावर आलेली मंडळी यांचा विचार केला, तर जुलैच्या ताम्हिणी घाटात पाळीपाळीने वारा घेण्याची जलद साखळी चालवणे मला सर्वथा अनुचित वाटते. तेथे सुटे व्हावे, आपापल्या गतीने उतरावे आणि खाली सर्वांनी एकमेकांसाठी थांबावे.

व्यावसायिक शर्यतीतील स्वारांनासुद्धा या गोष्टींचा विचार करावा लागतो, याचे अलीकडचे उदाहरण २९ ऑगस्ट २०२० चे आहे. त्या दिवशी नीस शहरात तूर द फ्रान्सचा पहिला टप्पा होता, आणि कोरड्या उन्हाळ्यानंतर आलेल्या पावसाने त्या डोंगरी रस्त्यांवर नेमका तो पहिल्या सरीचा लेप चढवला. एकामागून एक स्वार आडवे होऊ लागले. तेव्हा जर्मन स्वार टोनी मार्टिन यांनी शेंड्यावर येऊन हात पसरले आणि सर्वांना सबुरीने उतरण्याची खूण केली. एका संघाने ती न जुमानता उतारावर पुढे मुसंडी मारली, आणि त्याच संघाचा नायक घसरून रस्त्याकडेच्या फलकावर आदळला. त्यानंतर मात्र जगातील सर्वांत वेगवान माणसांचा तो समूह एकमताने हळू चालला. आयोजकांनीही एकूण वेळेची मोजणी शेवटच्या तीन किलोमीटरपूर्वीच थांबवली. तत्पूर्वी २०१० साली याच शर्यतीत बेल्जियममधील स्टोकू टेकडीच्या ओल्या उतारावर मोटारसायकलीचे तेल सांडून स्वारांची रास पडली, तेव्हा आघाडीच्या स्वाराचा पिवळा सदरा अंगावर असलेल्या फाबियान कान्सेलारा यांनीही पडलेल्यांसाठी समूहाला आवरून धरले, आणि त्या दिवशी तो सदरा त्यांच्या हातून गेला.

मंडळाच्या फेरीत असा अधिकार कोणाकडे असावा याची तजवीज निघण्यापूर्वीच व्हायला हवी. कप्तान एकच असावा, आणि पाऊस सुरू होताच चक्र थांबवून दोन-दोनच्या स्थिर रांगेत चालण्याचा हुकूम त्याने दिला तर त्यावर रस्त्यात वाद होऊ नये. सरळ, उघडा आणि धुतलेला टापू आला की चक्र पुन्हा सुरू करता येते, गाव किंवा उतार आला की पुन्हा थांबवता येते. नव्या सभासदाला अशा दिवशी शेपटाला ठेवण्याचा प्रघात आहे, तो मात्र मला पटत नाही. शेपटाला हिसके सर्वांत मोठे बसतात आणि तेथून रस्ता सर्वांत कमी दिसतो. त्याला शेंड्यापासून तिसऱ्या किंवा चौथ्या जागी, जुन्या आणि शांत स्वाराच्या मागे घ्यावे, त्याच्या मागे दुसरा तितकाच जाणता स्वार ठेवावा, आणि पहिल्या दोन-तीन ओल्या फेऱ्यांत त्याला वारा घेण्याची पाळी देऊ नये. थंडीने बोटे बधिर झाल्यामुळे ज्याला ब्रेकाचा अंदाज येईनासा झाला आहे त्याने ते मोठ्याने सांगावे, आणि तो सांगेल तेव्हा सर्वांनी थांबावे. बोटांत ऊब येईपर्यंत एखाद्या छपराखाली जी पाच-दहा मिनिटे जातात, ती त्या दिवशीच्या सरावातच धरलेली असतात.